मोटार नसलेली वाट

वाहतुकीच्या नियमांचा विचार मनात आला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मोटार उभी राहते. तांबडा-हिरवा दिवा, शिट्टी वाजविणारा पोलीस, रस्त्यावर ओढलेले पांढरे पट्टे हे सारे मोटारीला आवर घालण्यासाठी आहे, अशी आपली समजूत असते. आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मग साहजिकच असा प्रश्न निघतो की, ज्या वाटेवर मोटार जातच नाही, तेथे नियमांचे काय काम? पायी चालणारा मनुष्य आणि सायकलस्वार यांना एकमेकांपासून भय ते कोणते? त्यांनी आपापल्या समजुतीने यावे, जावे. तेथेही नियमांचा बडगा कशाला?

हा प्रश्न पोरकट नाही. पुष्कळ जाणत्या माणसांनीही तो विचारला आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. आमच्या संगमेश्वरापासूनच आरंभ करू.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. महामार्गावर दिवसरात्र मालमोटारी आणि एस.टी. गाड्या धावत असतात. परंतु तो सोडून आसपासच्या वाड्यांकडे वळले की थोड्याच वेळात मोटारीचा आवाज मागे राहतो आणि पाखाडी लागते. ज्या मुलांनी कोकण पाहिले नाही त्यांना सांगावयास हवे की, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची अरुंद वाट. दोन्ही अंगांना दगडांवर दगड रचून केलेला गडगा असतो, वर आंब्या-फणसांची सावली असते, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते. काही ठिकाणी वाट इतकी चिंचोळी असते की समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाला अंग चोरूनच उभे राहावे लागते. मध्ये वहाळ आडवा आला तर त्यावर साकव असतो. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. जुने लाकडी साकव तर असे असत की त्यांवरून एका वेळी एकानेच जावे.

या वाटांवर एकही पाटी नाही, एकही पोलीस नाही. तरीही डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई समोरून येताना दिसली की रिकाम्या हातांचा मनुष्य आपण होऊन गडग्याला लागून उभा राहतो. साकवाच्या पलीकडच्या टोकाला कोणी पाऊल टाकलेले दिसले की अलीकडचा थांबतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी पाखाडीने येऊ लागली म्हणजे तर सारी वाट तिचीच होते. मग समोरून सरपंच येवोत की शाळेतले पोर येवो, दोघेही बाजूला होतात.

येथे कोणी म्हणेल, “पाहा! नियमांवाचून किती सुरळीत चालले आहे!” परंतु थोडे थांबून विचार करा. भारा वाहणाऱ्याला वाट द्यावी, साकवावर आधी चढलेल्याला उतरू द्यावे, हे नियमच नव्हेत काय? ते कोणी छापले नाहीत, एवढेच. लहानपणी आईचे बोट धरून चालताना ते आपल्या अंगवळणी पडले, म्हणून ते नियम आहेत याचा आपल्याला विसर पडला. तेव्हा मोटार नसलेल्या वाटेवर नियम असावेत की नसावेत, हा वाद मला निरर्थक वाटतो. नियम तेथे आहेतच. खरा प्रश्न असा की, असे न छापलेले नियम कोठवर पुरतात?

न छापलेल्या नियमांवर भरवसा ठेवणारे लोक केवळ कोकणातच आहेत असे नाही. नेदरलँड्स देशात हान्स माँडरमन नावाचे एक वाहतूकतज्ज्ञ होऊन गेले. रस्त्यांवर पाट्यांची आणि दिव्यांची गर्दी केली म्हणजे माणसे पाटीकडे पाहतात, माणसाकडे पाहत नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या विचाराने ड्राख्टेन या गावातील एका मोठ्या चौकातून या शतकाच्या आरंभी वाहतुकीचे दिवे काढून टाकण्यात आले. मोटारी, सायकली आणि पादचारी यांनी एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून, अंदाज घेऊन पुढे सरकावे अशी योजना होती. लोक अधिक सावध झाले आणि चौकातील काम पुष्कळसे सुरळीत चालू लागले. त्या प्रयोगाची कीर्ती दूरवर गेली आणि अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले.

पुढे मात्र एक अडचण ध्यानात आली, आणि ती दाखवून दिली अंध माणसांनी. डोळ्यांनी डोळ्यांशी बोलावे आणि वाट ठरवावी, हे ठीक. पण ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करावे? पदपथाची कड काठीने चाचपत तो चालत होता. ती कडच काढून टाकून सारी जागा सपाट आणि सर्वांची केली, तेव्हा ती त्याची मात्र उरली नाही. ब्रिटनमधील अंधांच्या संस्थांनी हे गाऱ्हाणे पुनःपुन्हा मांडले, आणि अखेर २०१८ साली तेथील सरकारने कड नसलेल्या अशा सपाट रस्त्यांच्या नव्या योजना तूर्त थांबवाव्यात असे स्थानिक संस्थांना सुचविले.

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. आपसांतील समजूत ही बरोबरीच्या आणि ओळखीच्या माणसांमध्ये उत्तम चालते. ज्याला दिसते, ज्याला ऐकू येते, ज्याला झटकन बाजूला होता येते आणि ज्याला त्या जागेची रीत ठाऊक आहे, तो नियमावाचून निभावून नेतो. परंतु आंधळा, बहिरा, म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, चार वर्षांचे पोर आणि परगावचा पाहुणा यांना या मूक बोलण्यात भाग घेता येत नाही. नियम लागतो तो त्यांच्यासाठी. पाखाडीने रोज येणारी-जाणारी दहा घरची माणसे एकमेकांच्या पावलांचा आवाजही ओळखतात. पण गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, त्यांच्याबरोबर त्यांची शहरात वाढलेली मुले आली, आणि महाशिवरात्रीला कर्णेश्वराच्या देवळाकडे अनोळखी पावले वळली, म्हणजे ही समजूत तोकडी पडू लागते.

आता सायकलीचा विचार करू. मुलांना सायकल प्रिय असते, आणि ती असावीही. सायकलीइतके निरुपद्रवी वाहन दुसरे नाही असे आपण म्हणतो. ते धूर सोडत नाही, गोंगाट करीत नाही, पेट्रोल पीत नाही. परंतु यांपैकी एक गुण पादचाऱ्याच्या दृष्टीने दोषच ठरतो, तो म्हणजे तिचे निःशब्द येणे. मोटार लांबून ऐकू येते. सायकल पाठीशी येऊन पोहोचेपर्यंत कळत नाही.

थोडे गणित करून पाहा. सावकाश चालणारा मनुष्य तासाला साडेचार किलोमीटर चालतो, म्हणजे एका सेकंदाला सव्वा मीटर. सायकल साध्या उतारावर तासाला अठरा किलोमीटर वेगाने सहज जाते. म्हणजे एका सेकंदाला पाच मीटर. समोर मूल आले हे डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात सायकल पाच मीटर पुढे गेलेली असते. आणि ब्रेक लागल्यावर ती थांबावयास आणखी काही अंतर लागतेच. पादचारी मात्र एका पावलात थांबतो. शिवाय वेग चौपट झाला म्हणजे धक्क्याचा जोर चौपट होत नाही, तो सोळापट होतो. हे तुम्ही पुढे पदार्थविज्ञानात शिकाल. पायी चालणारे दोघे एकमेकांवर आदळले तर हसून पुढे जातात. सायकल म्हाताऱ्या माणसावर आदळली तर त्याचे मांडीचे हाड मोडू शकते, आणि उतारवयात मोडलेले हाड कित्येकांना पुन्हा चालू देत नाही. मोटार नाही म्हणून वाट निर्धोक झाली असे समजणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळेल.

आपल्याकडील जुन्या लोकांना हे चांगले ठाऊक होते. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळी रस्त्यांवर मोटारी थोड्या आणि सायकली उदंड असत. तरीही सायकलीला रात्री दिवा लावणे सक्तीचे होते आणि एका सायकलीवर दोघांनी बसणे हा गुन्हा होता. दिवा विझलेला असताना कोपऱ्यावर पोलीस दिसला की सायकलस्वार मोठ्या साळसूदपणे खाली उतरून चालू लागे, आणि कोपरा ओलांडला की पुन्हा टांग मारी! केवळ दंडाच्या भीतीने पाळला जाणारा नियम कसा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्या दिव्याचा उपयोग पोलिसाला नव्हता. अंधारात चालणाऱ्याला होता.

कायद्यानेही सायकलस्वार आणि पादचारी यांना कधी वगळलेले नाही. त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५१ साली पोलिसांसंबंधी जो अधिनियम केला, तो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे. त्याच्या ३३व्या कलमात रस्त्यांच्या आणि सार्वजनिक जागांच्या वापराविषयी नियम करण्याचा अधिकार दिला आहे. तेथे वाहन हाकणारे, सायकल चालविणारे, पायी चालणारे आणि गुरे घेऊन जाणारे या सर्वांचा उल्लेख एकत्रच येतो, आणि लोकांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होऊ नये हा हेतू सांगितलेला आहे. गुरांमागून चालणारा गुराखीसुद्धा कायदा करणाऱ्यांना आठवला, याचे मला कौतुक वाटते.

जगातील ज्या शहरात मोटारीचे नाव नाही, त्या शहराने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. इटलीतील व्हेनिस हे शहर शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे. त्याच्या जुन्या भागात रस्त्यांऐवजी कालवे आणि अरुंद गल्ल्या आहेत, आणि चारशेहून अधिक पूल आहेत. त्यांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत. मोटार तेथे शिरूच शकत नाही. मग ते सायकलस्वारांचे नंदनवन असेल असे तुम्हाला वाटेल. परंतु तेथे सायकल चालविण्यास बंदी आहे. त्या गल्ल्या चालणाऱ्यांना अपुऱ्या पडतात, तेथे सायकलीला जागा कोठली? आमच्या पाखाडीहून ही स्थिती फारशी निराळी नाही.

आपल्या महाराष्ट्रात असे गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातील माथेरान. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या वाटेने पायी जावे, नाही तर घोड्यावर बसावे. तेथे माणसांनी ओढावयाच्या रिक्षाही पुष्कळ वर्षे होत्या. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग तेथे सुरू झाला, आणि माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही रीत बंद करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. माथेरानला मोटार नाही, पण घोडा आहे. शेकडो किलो वजनाचे ते जनावर, आणि त्यावर बहुधा जन्मात प्रथमच बसलेला पर्यटक! अशा वेळी चालणाऱ्याने कोणत्या अंगाने चालावे, घोडेवाल्याने वळणावर लगाम कसा आवरावा, हे ठरलेले नसेल तर चालणाऱ्याचा जीव सदैव टांगणीला लागेल. इंजिन नाही म्हणजे नियम नको, हे म्हणणे माथेरानच्या एकाच फेरीत मागे घ्यावे लागेल.

कोणी म्हणेल, सायकल आणि घोडा यांचे ठीक आहे; पण जेथे केवळ चालणारेच आहेत तेथे तरी नियम नको ना? याचे उत्तर लिहिताना हात जड होतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत सकाळी जोराचा पाऊस आला. ज्या स्थानकाला त्या वेळी एल्फिन्स्टन रोड म्हणत आणि आज प्रभादेवी म्हणतात, तेथील पादचारी पुलाच्या जिन्यावर पावसापासून आडोसा घेण्यासाठी माणसे थांबून राहिली. इकडे लोकलगाड्यांतून नवी माणसे उतरून पुलावर चढतच होती. पुढच्यांना उतरता येईना आणि मागच्यांना पुढचे काही दिसेना. त्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे दगावली. त्या पुलावर एकही वाहन नव्हते. होती ती केवळ कामाला निघालेली माणसे.

त्या मृतांनी नियम मोडला असे मात्र कोणी म्हणू नये. पूल अरुंद होता आणि त्यावर येणाऱ्यांची संख्या वाढत गेली होती. पुढे लष्कराने तेथे नवा पूल बांधला आणि तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. जागा अपुरी ठेवून लोकांना शिस्तीचे धडे देणे हा अन्याय आहे. परंतु चढणाऱ्यांची बाजू वेगळी, उतरणाऱ्यांची वेगळी, जिन्यावर कोणी थांबावयाचे नाही आणि वर गर्दी झाली तर खालच्यांना कोणी तरी अडवावयाचे, एवढे ठरलेले असते तर त्या सकाळी कित्येकांना श्वास घेण्यास जागा मिळाली असती, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर आषाढी वारीकडे पाहावे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते तेव्हा रथाच्या पुढे २७ दिंड्या चालतात आणि मागे आणखी पुष्कळ. कोणती दिंडी कोठे चालावयाची याचा क्रम ठरलेला असतो. सायंकाळच्या समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच धरला की टाळमृदंगांचा एवढा मोठा घोष क्षणात शांत होतो. लाखो माणसे पायी चालत पंढरपूरला पोहोचतात, त्यांत म्हाताऱ्याकोताऱ्या बायका असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या असतात. ही शिस्त कोणा फौजदाराने लादलेली नाही. वारकऱ्यांनी ती स्वतः घालून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ती जाचते अशी तक्रार मी तरी वारकऱ्यांच्या तोंडून ऐकली नाही.

येथवर नियमांची बाजू मांडली. पण त्यांचा अतिरेकही मला मान्य नाही. उद्या कोणी उत्साही गृहस्थ उठून पाखाडीच्या दर दहा पायऱ्यांवर पाटी ठोकू लागला, मुलांनी येथे धावू नये, हसू नये, उभे राहून बोलू नये असे फर्मान काढू लागला, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. मोटार नसलेल्या वाटेची सारी गोडी तिच्या मोकळेपणात आहे. पुणे महानगरपालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळावयास आरंभ केला आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा एरवी जीव मुठीत धरून चालणारी माणसे रस्त्याच्या मधोमध निवांत हिंडली. तेथे कोणी डाव्या-उजव्या बाजूचा हिशेब विचारला असता तर त्या आनंदावर पाणीच पडले असते.

म्हणून असे नियम मोजके असावेत, आणि त्यांचा भार सर्वांवर सारखा नसावा. जो वेगाने जातो त्याच्यावर तो अधिक असावा. जो धडधाकट आहे त्याच्यावर दुबळ्यापेक्षा अधिक असावा. सायकलस्वाराने चालणाऱ्यांमध्ये शिरताना वेग चालण्याइतका करावा, आणि जागा नसेल तर सरळ उतरावे. घंटी वाजवावी, पण “मी येत आहे” हे कळविण्यासाठी वाजवावी. “बाजूला हो” असा हुकूम सोडण्यासाठी नव्हे. समोरचा कदाचित बहिरा असेल, हे ध्यानात ठेवून घंटी वाजविल्यावरही थांबण्याची तयारी असावी. चालणाऱ्यावर काहीच बंधन नाही असेही नाही. चौघा मित्रांनी हातात हात घालून सारी वाट अडवावी आणि मागच्या माणसाने खोकून खोकून थकावे, हा मोकळेपणा नव्हे. जिन्यात किंवा साकवावर थांबून गप्पा माराव्यात, हाही नव्हे.

आता पुन्हा आमच्या वाड्यांकडे येऊ, कारण तेथे हा प्रश्न आज नव्याने उभा राहत आहे. कित्येक ठिकाणी जांभ्याच्या पायऱ्या जाऊन सिमेंटच्या वाटा होत आहेत. म्हाताऱ्यांना त्या सोयीच्या आहेत आणि पावसात घसरण्याचे भयही थोडे कमी झाले आहे. परंतु जेथे पायऱ्यांऐवजी नुसता उतार केला, तेथे शाळा सुटल्यावर सायकली भरधाव सुटू लागल्या. पायऱ्या होत्या तोवर नियम दगडातच कोरलेला होता; सायकल हातात धरूनच न्यावी लागे. उतार झाला आणि तो नियम गेला. आता त्याच्या जागी दुसरा कोणी तरी घालावयास हवा. हे काम ग्रामसभेचे आहे असे मोठी माणसे म्हणतील, आणि ते योग्यच आहे. पण कोणत्या वळणावर समोरचे दिसत नाही, कोठे गडग्याआडून एकाएकी वासरू आडवे येते, कोणत्या घरची आजी संध्याकाळी वाटेवरच बसते, ही माहिती ग्रामसभेपेक्षा त्या वाटेने रोज सायकल नेणाऱ्या मुलांपाशी अधिक असते. उताराच्या कोणत्या टप्प्यावर उतरून चालावयाचे, हे त्यांनीच प्रथम ठरवून मग मोठ्यांना सांगावे.